घोटा मुरगळला, घर लांब: नेरूळमधल्या पन्नास दिवसांच्या नोंदी

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५ (दिवस १)

ऑफिसच्या आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी साताऱ्याहून आले, त्याला पाच दिवस झाले. मुक्काम नेरूळला आत्याकडे, वर्ग बेलापूरला. सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते आणि तिच्या वाटेवरचा यवतेश्वराचा चढ या वर्षी न थांबता चढायचा आहे, म्हणून पिशवीत सगळ्यात आधी पळायचे बूट भरले होते.

आत्याच्या शेजारच्या आगरी काकांनी भरतीचा हिशेब शिकवला होता. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. आज दशमी, म्हणजे साडेसात. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि रोहित पक्षी आतल्या पाणथळीत येऊन उभे राहतात. तेच बघायचं म्हणून ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याला फेरी न मारता टी. एस. चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीच्या बाजूला वळले.

चौथा किलोमीटर, सूर्य अजून उगवला नव्हता. पाण्यावर गुलाबी पट्टा दिसला, मान तिकडे वळली आणि उजवं पाऊल फुटपाथच्या कडेवर पडलं, अर्धं वर, अर्धं हवेत. तळवा आत वळला आणि अंगाचं सगळं वजन बाहेरच्या घोट्यावर आलं. सुकी काडी मोडावी तसा बारीक आवाज मी स्वतः ऐकला. तळहात आणि डावा गुडघा खरचटला, पण त्याचं काही वाटलं नाही. मळमळायला लागलं. तिथेच बसून राहिले.

पाच मिनिटांनी उभी राहिले, पाय टेकवता आला, म्हणून दोन किलोमीटर चालत घरी आले. ही पहिली चूक. चार पावलं टाकता येतात याचा अर्थ हाड बहुधा शाबूत आहे एवढाच. दोन किलोमीटर चालायला हरकत नाही, असा नाही. खिशात फोन होता, रिक्षा तीस-चाळीस रुपयांत मिळाली असती. बूट काढला तेव्हा बाहेरच्या हाडाखाली लिंबाएवढा फुगवटा होता. तासाभरात घोट्याचं हाडच दिसेनासं झालं.

दुसरी चूक लगेच. फ्रिजमधल्या मटारची पिशवी थेट कातडीवर ठेवली आणि फोनवर बोलत बसले. पाऊण तासाने काढली तर खाली लालभडक चट्टा. आता ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटं, मग दोन तास काही नाही.

वेदनाशामक गोळी घेऊन दुपारच्या वर्गाला जायचा विचार होता. आत्याने बुटांची जोडी उचलून माळ्यावर टाकली.

८ फेब्रुवारी (दिवस २)

सकाळी हाडांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड आणि टोक, पावलाच्या बाहेरच्या कडेचं मधलं उंचवट्याचं हाड आणि आतल्या बाजूचं एक हाड बोटाने दाबून पाहिलं, चार पावलं चालायला लावलं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेली ही तपासणी. यातल्या कुठल्याही हाडावर दाबून दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. माझं बाहेरच्या हाडाच्या टोकाला दुखलं, म्हणून काढला. हाड ठीक आहे. घोट्याच्या बाहेरून पुढे जाणारं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, अर्धवट फाटलंय, दुसऱ्या दर्जाची मुरगळ. लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. हे डॉक्टरांनी हाताने पाय हलवून ठरवलं.

खर्च: तपासणी ८००, एक्स-रे ६००, दहा सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज २१०, येण्या-जाण्याची रिक्षा ९०.

आत्याचा शिवणकामाचा टेप घेऊन दोन्ही घोटे मोजले. डावा २४ सेंटिमीटर, उजवा २७.५. रोज रात्री याच जागी मोजायचं ठरवलं. सूज नुसती डोळ्यांनी बघून कळत नाही. सकाळी वाटतं उतरली, रात्री वाटतं होती तेवढीच आहे.

बँडेज बोटांपासून वर, आठच्या आकड्यासारखं. पहिल्यांदा इतकं घट्ट बांधलं की बोटं गार पडून निळसर झाली. नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग लगेच परत यायला हवा. नाही आला तर सोडून पुन्हा बांधायचं.

९ फेब्रुवारी (दिवस ३)

आजची चूक सगळ्यात महाग पडली. इमारतीतल्या एकांनी ओळखीच्या मालीशवाल्या बाईंना पाठवलं. "नस चढलीय, दोन हात मारले की उतरेल." त्या मनापासून आल्या होत्या, मला नाही म्हणवलं नाही. गरम तेल, अंगठ्याने जोर, शेवटी गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवला. चोळताना बरं वाटलं. संध्याकाळी टेप २८ वर, आणि रात्रभर ठणका. आत रक्त साकळत असताना चोळणं आणि शेक दोन्ही त्यात भर घालतात. आमच्या घरीही मुरगळलं की आधी चोळतात, म्हणून हे ठळक लिहून ठेवते: पहिले तीन-चार दिवस कुणालाही हात लावू देऊ नका. आत्याचा आंबेहळद-तुरटीचा लेप मात्र लावून घेतला. त्याने सूज किती उतरली सांगता येणार नाही, पण त्यात दाब नव्हता, शेक नव्हता, आणि आत्याला बरं वाटलं.

१० ते १३ फेब्रुवारी (दिवस ४ ते ७)

बाहेरची बाजू जांभळी, तिथून रंग खाली उतरून टाचेला आणि बोटांच्या मुळाशी आला. घाबरले होते. डॉक्टरांना फोटो पाठवला, ते म्हणाले रक्त उताराकडे जातं, रंग हिरवा-पिवळा होत जाईल. तसंच झालं.

आतोबांची काठी कपाटामागून निघाली. ते जाऊन सहा वर्षं झाली, काठीच्या मुठीवरचा कापडी पट्टा अजून तसाच होता. दोन दिवस मी ती उजव्या हातात, दुखऱ्या पायाच्या बाजूला धरून चालले आणि कंबर धरली. काठी विरुद्ध हातात धरायची, दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे. जिन्याचा नियम आत्याने शाळेतल्यासारखा पाठ करून घेतला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. ती तीस वर्षं पहिलीच्या वर्गावर होती.

बेलापूरला लोकलऐवजी रिक्षा. लोकलचे पाच रुपये, रिक्षाचे शंभर-एकशेदहा, तेही एका वेळचे. वर्गात पाय समोरच्या खुर्चीवर. पहिल्या दिवशी संकोच वाटला, दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी आपणहून खुर्ची सरकवून ठेवली.

बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल आणि दाराशी रबरी पायपुसणं. ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहून अंघोळ करायची नाही.

१४ फेब्रुवारी (दिवस ८)

शनिवार-रविवार घरी जायचं तिकीट पडण्याआधीच काढलेलं. टेप २५.५ वर आला होता, काठी टेकत बरं चालत होते. लेकीला सांगितलं होतं येते म्हणून. निघाले.

बस साधी, पाय लोंबकळलेला. पाच तासांचा प्रवास, खंडाळ्याच्या घाटात कोंडी, खंबाटकी ओलांडेपर्यंत साडेसहा तास. बँडेजच्या कडा कातडीत रुतल्या होत्या, पण मधे काढून पुन्हा बांधायला जागाच नव्हती. साताऱ्यात बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उतरताना कंडक्टरने हात धरला. घरी टेप २७. पाच दिवसांत जेवढं कमावलं होतं त्यातलं बरंच साडेसहा तासांत गेलं.

१६ फेब्रुवारी (दिवस १०)

परतीचं साधं तिकीट रद्द केलं, तीनशे रुपये गेले. रात्रीच्या स्लीपर बसचा खालचा एकेरी बर्थ घेतला, ८५० रुपये. खालचाच हवा, वरच्याला शिडी असते. पायाखाली घडी घातलेली चादर आणि त्यावर उशी, म्हणजे घोटा छातीपेक्षा वर. मधल्या थांब्यावर उतरले नाही, पण तासा-तासाला बोटं आणि पाऊल वर-खाली वीस वेळा हलवलं. दिवसेंदिवस पाय एका जागी ठेवला की पोटरीत रक्त गोठण्याचा धोका असतो, म्हणून हे टाळायचं नाही.

नेरूळला सकाळी टेप: २५.५. तोच रस्ता, तेवढेच तास. पाय कुठे ठेवला, एवढाच फरक. मुरगळ घेऊन प्रवास करायचाच असेल तर पाय बरा व्हायची वाट बघण्याआधी तिकीट बदला.

१७ फेब्रुवारी (दिवस ११)

फिजिओथेरपी सुरू, एका वेळचे ६००. ताईंनी बर्फ बंद करायला सांगितला. १९७८ मध्ये बर्फ आणि विश्रांतीचा सल्ला रूढ करणारे डॉ. गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फाने वेदना कमी होतात, पण भरून येणं लांबतं. आता पायाला काम द्यायचं. लेस बांधायचा ब्रेस घेतला, ७५०. नुसता रबरी मोजा घेणार होते, तो पायाला आत वळू देतो, म्हणून नको म्हणाल्या.

पहिला व्यायाम: पाय हवेत धरून अंगठ्याने अक्षरं काढायची. मी 'श्री'पासून सुरुवात केली. अ, आ जमले. 'ळ'च्या दुसऱ्या गाठीशी पाऊल आत वळतं, तिथे कळ आली. 'क्ष' अर्धवट राहिला. आत्या खुर्चीवर बसून बघत होती.

"र्‍हस्व इ काढलीस, मी दीर्घ सांगितली होती."

दुसऱ्या पायाने तीच बाराखडी काढली तेव्हा कळलं, उजव्या पायाचं अक्षर किती लहान झालंय. घोटा जेवढा वळतो, तेवढंच अक्षर मोठं येतं. रोज तीन वेळा काढायची.

१९ ते २५ फेब्रुवारी (दिवस १३ ते १९)

सूज २४.५. काठी सोडली. लोकल पुन्हा सुरू, पण गर्दीच्या अर्धा तास आधीची.

आकडे: भिंतीला गुडघा टेकवून टाच न उचलता पाऊल किती मागे नेता येतं, डावं १० सेंटिमीटर, उजवं ३. एका पायावर उभं राहणं, डावा मिनिटभर सहज, उजवा ६ सेकंद. डोळे मिटून उजवा २ सेकंद. चालताना काहीच दुखत नव्हतं, म्हणून हा शेवटचा आकडा बघून हादरले. लिगामेंटमध्ये पाऊल कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवणाऱ्या नसा असतात, त्याही दुखावतात. ताई म्हणाल्या, "दुखणं आधी जातं ताई, तोल मागून येतो. लोक मधल्या काळात पुन्हा पडतात."

दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय तेव्हापासून.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र (दिवस २०)

इमारतीत भजन. सतरंजीवर मांडी घालून सव्वा तास बसले. उठताना उजवा पाय टेकेना. घरी येऊन पाहिलं तर बाहेरच्या हाडापुढे पुन्हा गुबगुबीत सूज, नेमकी जखमेवर.

मांडी घातली की खालच्या पायाचा घोटा जमिनीवर आडवा पडतो, पाऊल खाली आणि आत वळतं. पडताना वळलं होतं तसंच. फाटलेला धागा सव्वा तास ताणून धरला होता मी. वज्रासनाचंही तेच, आणि उकिडवं बसण्यातही घोट्यावर ताण येतोच. डॉक्टर किंवा ताईंनी हे आधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. आपल्याकडे जेवण, पूजा, भाजी निवडणं, सगळं जमिनीवर. पळणं बंद ठेवून दिवसातून चार वेळा मांडी घातली तर पाय भरून कसा येणार? दीड महिना खुर्ची. पूजेलाही खुर्ची. आत्याच म्हणाली, "देवाला चालतं गं, तू बस वर."

४ मार्च (दिवस २६)

पुन्हा मुरगळला.

टेप २४ झाला होता. दोन्ही घोटे सारखे दिसत होते, म्हणून सकाळी ब्रेस लावला नाही. बेलापूरला लोकलमधून उतरताना मागून लोंढा आला, दार आणि फलाट यांच्यातल्या अंतरावरून पाय टाकला आणि पाऊल बाहेरच्या कडेवर पडलं. आवाज आला नाही, पण तीच जागा, तीच मळमळ. फलाटावरच्या बाकावर बसून रडले. दुखत होतं म्हणून कमी, सव्वीस दिवस गेले म्हणून जास्त.

रिक्षाने घरी. डॉक्टरांनी पुन्हा दाबून पाहिलं, हाडावर दुखत नव्हतं, एक्स-रे नको म्हणाले. तपासणी ८००. टेप २५.५.

का झालं हे नीट लिहिते. तोल त्या दिवशी ११ सेकंद होता. डोळे मिटून ४. एवढ्या तोलावर गर्दीत उतरणाऱ्याला ब्रेस हवाच. मी आकडा लिहीत होते, पण निर्णय सूज बघून घेत होते. ब्रेस काढायचा निकष आता बदलला: डोळे उघडे ४५ सेकंद, मिटून १५, आणि एका पायावर टाच उचलणं २० वेळा. तिन्ही जमेपर्यंत घराबाहेर ब्रेस.

५ ते १३ मार्च

नऊ दिवस मागे. पुन्हा बँडेज, बाराखडी, रिक्षा. मात्र या वेळी पहिल्या तासापासून योग्य ते केलं: चालले नाही, चोळलं नाही, वेदनेपुरता कापडातून बर्फ, पाय उंच. पाचव्या दिवशी टेप २४.५ वर आला. पहिल्या वेळी तेवढ्याला दोन आठवड्यांच्या वर लागले होते. दुखापत लहान होती हे खरं, पण बसची साडेसहा तासांची बैठक आणि मालीश नव्हती, हेही खरं.

१४ ते २२ मार्च

रबरी पट्टा टेबलाच्या पायाला अडकवून पाऊल बाहेर ओढायचं, पंधरा-पंधराचे तीन फेरे. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पाऊल आत वळायला लागलं की त्याला बाहेर खेचतात. माझे इतके कमजोर झाले होते की पहिल्या फेरीत पाय थरथरला. पट्टा १८०. आत्याच्या जुन्या उशीवर एका पायावर उभं राहून तिच्याशी चेंडू झेलायचा. ती बाहत्तर वर्षांची, चेंडू मुद्दाम वाकडा टाकते.

२२ तारखेचे आकडे: भिंतीशी ८.५ सेंटिमीटर. डोळे उघडे ५०, मिटून १६. टाच उचलणं २१. एका पायावर जागच्या जागी दहा उड्या, दुखलं नाही, उतरताना गुडघा आत गेला नाही. ताईंनी पळायला परवानगी दिली, सपाटीवर, ब्रेस लावून.

फिजिओच्या नऊ बैठका, ५,४००. सगळं धरून, रिक्षासकट, बारा हजारांच्या आसपास गेले. त्यातले साडेतीन हजार तरी वाचले असते.

२३ मार्च, रविवार (दिवस ४५)

वद्य नवमी. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, पावणेसात. ज्वेलच्या तळ्याला एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, असं सहा वेळा. पहिलं मिनिट सगळं लक्ष उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर होतं. तिसऱ्यापासून श्वासाकडे गेलं. पाय जड, पण दुखला नाही.

मग चालत चाणक्यच्या बाजूला गेले. ती कड सापडली, वीतभरही उंच नाही. पाणी भरलेलं होतं, पक्षी आत आले होते, शेकड्यांनी, माना पाण्यात घालून. या वेळी दोन्ही पायांवर उभी राहून बघितले. एक जण एका पायावर झोपला होता. मी घड्याळ लावलं आणि चार मिनिटांनी नाद सोडला.

रात्री टेप २४.

२८ मार्च, शुक्रवार (दिवस ५०)

प्रशिक्षण संपलं. सकाळी दोन मिनिटं पळणं, तीन मिनिटं चालणं, सहा वेळा. एकदाच, वळणावर, बाहेरच्या हाडाखाली चिमटा आला. सरळ झाल्यावर गेला. वळणं पुढच्या दोन आठवड्यांत मोठी घ्यायची.

यवतेश्वराला मेपर्यंत जायचं नाही. चढापेक्षा उताराची भीती आहे.

रात्रीची स्लीपर, खालचा एकेरी बर्थ. परवा पाडवा, उद्या पहाटे घरी. ब्रेस पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, टेप आत्याने देऊन टाकला. काठी मी कपाटामागे ठेवायला निघाले होते. आत्या म्हणाली, "दाराशीच राहू दे. मलाच लागेल कधी." तिला कुठल्या हातात धरायची ते मी पुन्हा दाखवलं. तिने दोन फेऱ्या मारून दाखवल्या, बरोबर.